प्रस्तावना : थांबता न येणाऱ्यांचा बाजार

चंद्रपूर आणि गडचिरोली यांच्या मधोमध मूल आहे. वायव्येला ताडोबाचे जंगल, पूर्वेला सावली ओलांडली की वैनगंगा, आणि नदीपलीकडे गडचिरोलीचे अरण्य. गावाभोवती धानाच्या बांध्या आणि जुने मालगुजारी तलाव, गावात राईस मिला. या परिसरातून बाहेर जाणाऱ्या वस्तू मोजक्याच आहेत: तांदूळ, तेंदूपत्ता, बांबू, मोहफूल, सागवान आणि थोडे पश्चिमेला सरकले की कोळसा. बाहेरून आत येणाऱ्या वस्तूंची मात्र गणती होत नाही. युरिया, डिझेल, पंप, औषधे, मोबाइल, सिमेंट, मुलांच्या वह्या. विडीसुद्धा बाहेरून बांधून येते, आणि तिचे पान इथल्याच जंगलातले असते. जाणारा माल आणि येणारा माल यांची अदलाबदल कोणत्या दराने होते आणि तो दर कोण ठरवतो, हा या पुस्तकाचा विषय आहे.

अर्थशास्त्रात याला व्यापारशर्ती म्हणतात. पोतेभर धानाच्या पैशात काल किती खत येत होते आणि आज किती येते, या साध्या हिशेबाचेच ते शास्त्रीय नाव. हा हिशेब देशादेशांमध्ये मांडतात, तसा शेती आणि कारखानदारी यांच्यातही मांडतात, आणि एकाच राज्यातला जंगलाचा जिल्हा आणि गिरण्यांचे शहर यांच्यातही तो मांडता येतो. धानाचा हमीभाव वाढल्याची बातमी आली की आनंद होतो, पण त्या आकड्यावरून फारसे काही कळत नाही. त्याच काळात रोवणीची मजुरी, ट्रॅक्टरचे भाडे आणि दवाखान्याचे बिल किती वाढले ते शेजारी ठेवावे लागते. शेतकरी वर चढला की खाली गेला हे तेव्हा ठरते.

देशादेशांमधल्या हिशेबाने एकेकाळी मोठी खळबळ उडवली होती. अर्जेंटिनाचे राउल प्रेबिश आणि जर्मनीतून परागंदा होऊन पुढे संयुक्त राष्ट्रसंघात काम करणारे हान्स सिंगर, या दोघांनी १९४९-५० च्या सुमारास एकमेकांपासून स्वतंत्रपणे एकच निष्कर्ष काढला. शेती, जंगल आणि खाणींचा माल विकून कारखान्यांचा माल विकत घेणाऱ्या देशांना दीर्घकाळात सौदा महाग पडत जातो. प्रेबिश यांनी ब्रिटनच्या आयात-निर्यातीच्या किमती घेतल्या होत्या. १८७६-८० या वर्षांतले प्रमाण १०० धरले, तर १९३६-३८ पर्यंत कच्च्या मालाची तुलनात्मक किंमत ६४ वर आली होती. म्हणजे साठ वर्षांपूर्वी जेवढ्या कापसात वा गव्हात जेवढी यंत्रे मिळत होती, तेवढ्याच मालात आता दोन तृतीयांशांहूनही कमी मिळत होती.

यावर आक्षेप आले आणि त्यांतले काही रास्त होते. बोटीचे भाडे त्या काळात उतरले होते, म्हणून ब्रिटनच्या बंदरात माल स्वस्त दिसत होता. यंत्रांचा दर्जाही सुधारला होता. शिवाय मोजणी जिथे संपते ती वर्षे मंदीची होती. तरीही पुढे १९८८ मध्ये एन्झो ग्रिली आणि माव चेंग यांग यांनी विसाव्या शतकाची लांबलचक आकडेमाला जुळवली, तेव्हा घसरण वर्षाला सुमारे अर्धा टक्का निघालीच. एका वर्षात अर्धा टक्का जाणवतही नाही. तीन पिढ्यांत तो घर रिकामे करतो. या शतकाच्या पहिल्या दशकात चीनच्या भुकेमुळे खनिजांचे भाव उसळले आणि अनेकांनी हा सिद्धांत मोडीत काढला. मला ती घाई वाटते. उसळी येते आणि ओसरते. विकणाऱ्याच्या हातात तिच्यातले काय उरते, हा प्रश्न तसाच राहतो.

या वादात मला सर्वांत मोलाचे वाटतात ते सेंट ल्युशिया या छोट्या कॅरिबियन बेटावर जन्मलेले आर्थर लुईस. १९७९ मध्ये त्यांना नोबेल मिळाले, पण महत्त्वाचा लेख १९५४ चा. उसाच्या मळ्यांतली उत्पादकता कितीतरी वाढली, तरी मजुराच्या हाती काहीच का लागले नाही, असा त्यांचा प्रश्न होता. त्यांचे उत्तर असे की मळेवाल्याला मजुरी ठरवताना उसाकडे पाहावे लागतच नाही. तो मजूर मळा सोडून घरी गेला तर कोरडवाहू तुकड्यावर काय पिकवेल, एवढेच त्याला पाहायचे असते. त्याहून थोडे अधिक दिले की माणूस कामाला येतो. त्यामुळे उत्पादन वाढले की साखर स्वस्त होते आणि फायदा साखर खाणाऱ्याला मिळतो. मालाची किंमत मालात नसते. तो माल न विकता राहिलो तर काय, या प्रश्नाला विकणाऱ्याकडे जे उत्तर असते, त्यात ती असते.

हे पुस्तक उभे आहे ते या एका विचारावर, आणि तो तपासायला तेंदूपत्त्यासारखी दुसरी वस्तू नाही.

तेंदूचे झाड कोणी लावत नाही, त्याला कोणी पाणी घालत नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये झुडपांची खुटकटाई म्हणजे छाटणी होते, नवी पालवी फुटते, आणि एप्रिल संपता संपता पान तोडणीला येते. हंगाम जेमतेम काही आठवड्यांचा, तोही भर उन्हाळ्यातला. पहाटे घरातली सगळी माणसे जंगलात शिरतात, उन्हे चढायच्या आत पाने घेऊन परततात, दुपारभर सावलीला बसून पुडे बांधतात. महाराष्ट्रात एका पुड्यात ७० पाने आणि एका प्रमाण गोणीत १,००० पुडे, म्हणजे सत्तर हजार पाने. मध्य प्रदेशात पुडा ५० पानांचा असतो. संध्याकाळी पुडे फळीवर, म्हणजे गावच्या खरेदीच्या जागी, जातात, शेकड्याने मोजले जातात आणि उन्हात वाळत घातले जातात. एक अवकाळी सर आली की पान काळे पडते. अशा वेळी तोडणाऱ्याला पुडा उद्यापर्यंत घरी ठेवता येत नाही. पान तोडले त्याच दिवशी फळीवर द्यावे लागते. धान सरलेले असते, रोवणी दोन महिने दूर असते, आणि मे महिन्यात गावात दुसरे काम नसते. लुईस यांनी उसाच्या मळ्याबद्दल जे लिहिले, ते इथे शब्दशः लागू पडते.

या मजुरीत एक गोष्ट कधीच मोजली गेली नाही. मूल, सिंदेवाही, सावली, ब्रह्मपुरी हा सगळा पट्टा वाघांचा आहे. मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. खाणीत धोका असेल तर निदान कागदोपत्री तरी मजुरीत त्याची नोंद घ्यावी लागते. शंभर पुड्यांच्या दरात वाघ धरलेला नाही. मेल्यावर नुकसानभरपाई मिळते, पण ती सरकारच्या तिजोरीतून येते. विडीच्या किमतीत तिचा पैसाही दिसत नाही. जगाच्या बाजारात ज्याला स्वस्त कच्चा माल म्हणतात, त्याचा स्वस्तपणा पुष्कळदा असाच दुसऱ्या कोणीतरी भरलेला असतो.

आता नदीच्या दोन काठांबद्दल. महाराष्ट्राने १९६९ मध्ये वनोपजाच्या व्यापाराचे नियमन करणारा कायदा केला आणि तेंदूपत्त्याचा व्यापार सरकारच्या हाती घेतला. जंगलाचे घटक पाडायचे, त्यांचा लिलाव करायचा, ठेकेदाराने सरकारला स्वामित्वधन द्यायचे आणि तोडणाऱ्याला सरकारने ठरवलेली मजुरी द्यायची, अशी ही रीत. वरकड उरली तर ती पुढे बोनस म्हणून तोडणाऱ्यांमध्ये वाटली जाते. मूल तालुका राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीतल्या क्षेत्रात येत नाही, त्यामुळे अलीकडच्या काठावर मुख्यतः हीच रीत चालत आली. पलीकडे गडचिरोलीचा मोठा भाग अनुसूचित क्षेत्रात आहे. अनुसूचित क्षेत्रांतल्या ग्रामसभांना अधिकार देणारा १९९६ चा पेसा कायदा, २००६ चा वनहक्क कायदा आणि २०१४ चे राज्याचे पेसा नियम, यांच्या जोरावर तिथल्या ग्रामसभा गेल्या दशकात स्वतः निविदा काढू लागल्या. जंगल तेच, पान तेच, आणि पुष्कळदा ठेकेदारही तोच. फरक इतकाच की एका काठावर पान तोडणारा मजूर आहे आणि दुसऱ्या काठावर तो मालाचा धनी आहे. मजुरी आणि स्वामित्वधन हे दोन्ही पैसे ग्रामसभेकडे येतात आणि ते कसे वाटायचे हे गाव ठरवते. कोरची तालुक्यातल्या ग्रामसभांनी तर एकत्र येऊन महाग्रामसभा उभी केली, कारण एकट्या गावाला ठेकेदार झुलवू शकतो, नव्वदच्या आसपास गावांना झुलवणे अवघड जाते.

मात्र धनी झाल्याबरोबर बाजाराचा झोकाही अंगावर आला. २०१७ च्या हंगामात ग्रामसभांच्या निविदांना कधी नव्हे इतके भाव लागले. पुढच्याच वर्षी ते कोसळले. कुठे ठेकेदार फिरकलेच नाहीत, कुठे बोललेले पैसे थकले. सरकारी पद्धतीत मजुरी कमी मिळते, पण ती ठरलेली असते. ग्रामसभेच्या पद्धतीत चढ मिळतो आणि उतारही. कॉफी विकणाऱ्या देशांनी हाच अनुभव मोठ्या प्रमाणावर घेतला आहे. १९६२ च्या आंतरराष्ट्रीय कॉफी कराराने प्रत्येक देशाला निर्यातीचा कोटा ठरवून दिला आणि भाव तगवून धरला. जुलै १९८९ मध्ये कोटे मोडले आणि भाव गडगडले. तरीही कॉफी पिकवणाऱ्यांनी सगळे पुन्हा परक्या कंपन्यांच्या हाती द्यावे, असे कोणी शहाणा म्हणणार नाही. ग्रामसभांच्या बाबतीत मात्र २०१८ नंतर असे म्हणणारे भेटले. झोका सोसण्यासाठी राखीव निधी लागतो, गोदाम लागते, हंगामाआधी मिळणारे खेळते भांडवल लागते. हे सगळे ठेकेदाराकडे असते आणि गावाकडे नसते. दोष हक्काचा नव्हता. हक्काबरोबर द्यायला हवे होते ते दिले गेले नाही.

बांबूची कहाणी जुनी आणि जास्त कडू आहे. बल्लारपूरचा कागद कारखाना स्वातंत्र्याच्या सुमारास उभा राहिला. त्याला चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातला बांबू दीर्घ मुदतीच्या करारांनी सवलतीच्या दरात मिळत गेला. त्याच जंगलाच्या कडेला राहणाऱ्या बुरडाला सुपे विणायला बांबू मोजून मिळायचा. गोंडाने कुडासाठी तोडला तर गुन्हा व्हायचा. १९२७ च्या वन कायद्यात बांबू झाडांमध्ये धरलेला होता, म्हणून तो वनखात्याचा. २००६ च्या कायद्याने त्याला गौण वनोपज म्हटले, तरी वाहतुकीचा परवाना खात्याकडेच राहिला. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, आणि तरीही त्यांना आपला बांबू गावाबाहेर नेता येत नव्हता. गावातले देवाजी तोफा, त्यांचे साथी मोहन हिराबाई हिरालाल आणि गावकऱ्यांनी तो प्रश्न दिल्लीपर्यंत लावून धरला. २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण मेंढ्यात आले आणि परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले. त्या दिवशी जंगलातला बांबू एक पेरही वाढला नव्हता. विकणारा बदलला आणि बांबूला भाव आला. चंद्रपूर जिल्ह्यातल्या गोंडपिपरी तालुक्यातले पाचगाव आणखी पुढे गेले. बांबू स्वतः विकायला लागल्यावर त्यांनी तेंदूपत्ता तोडायचाच नाही असे ठरवले, कारण छाटणीने आणि आगीने जंगलाचे नुकसान होते आणि तेंदूची फळेही जातात. नको म्हणण्याची ऐपत आली की काय घडते, याचे इतके स्वच्छ उदाहरण मला दुसरे ठाऊक नाही.

इथे एक विसंगती मांडल्याशिवाय पुढे जाता येत नाही. १९६४ मध्ये जिनिव्हात संयुक्त राष्ट्रांची व्यापार आणि विकास परिषद भरली. प्रेबिश तिचे पहिले महासचिव झाले. दुसरी परिषद १९६८ मध्ये नवी दिल्लीत झाली. गरीब देशांच्या कच्च्या मालाला रास्त आणि स्थिर भाव मिळावा, ही मागणी भारताने त्या व्यासपीठावर हिरिरीने मांडली, आणि ती योग्यच होती. पण त्याच वर्षांत देशाच्या आत काय चालले होते? मालवाहतुकीच्या समान दराच्या धोरणामुळे कोळसा आणि पोलाद दूरच्या बंदरांवरच्या कारखान्यांनाही खाणीजवळच्या दरात मिळत होते, त्यामुळे खाणीच्या जिल्ह्यांत कारखाने यायचे कारणच उरले नाही. हे धोरण पन्नाशीच्या दशकापासून नव्वदीच्या सुरुवातीपर्यंत टिकले. बांबू सवलतीत जात होता. दिल्लीच्या परिषदेच्या पुढच्याच वर्षी राज्याने तेंदूपत्त्याचा व्यापार हाती घेतला आणि तोडणारा मजूर तो मजूरच राहिला. लंडनने कलकत्त्याशी जो व्यवहार केला, तो मुंबई-दिल्लीने चंद्रपूरशी केला असे म्हटले तर कोणाला टोकाचे वाटेल. पुढची प्रकरणे वाचून वाचकाने स्वतः ठरवावे.

देशाच्या आतही असा व्यवहार चालतो, हे महाराष्ट्राला पहिल्यांदा ठणकावून सांगितले ते शेतकरी नेते शरद जोशींनी. बर्नमधल्या आंतरराष्ट्रीय टपाल संघटनेतली नोकरी सोडून ते चाकणजवळ शेती करायला आले आणि १९८० च्या कांदा आंदोलनापासून त्यांनी एकच मागणी लावून धरली, शेतमालाला उत्पादन खर्चावर आधारित भाव. शेतीतून उद्योगाकडे पैसा खेचायचा, ही सरकारची ठरवून केलेली नीती आहे, असे ते सांगत. १९८१ मध्ये निपाणीच्या तंबाखू उत्पादकांनी महामार्ग रोखला, तेव्हा पोलिसांच्या गोळीबारात शेतकरी मारले गेले. निपाणीचा तंबाखू आणि आमचे पान एकाच विडीत जाते. ती वळणाऱ्या बायका सोलापुरात, सिन्नरला, कामठीत, तेलंगणात बसतात, हजार विड्यांमागे मजुरी घेतात. पान तोडणारी, तंबाखू पिकवणारा आणि विडी वळणारी, तिघेही एकमेकांना कधी भेटत नाहीत आणि तिघांनाही भाव दुसऱ्याकडून कळतो. जोशींच्या मांडणीत जंगलावर जगणारा माणूस फारसा नव्हता, ही तिची मर्यादा. त्याच्याकडे सातबारा नव्हता, म्हणून त्याचा उत्पादन खर्च काढायचे कोणाला सुचले नाही.

धानाचे प्रकरण मूलकरांना सर्वांत जवळचे. २०२५-२६ साठी साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला २,३६९ रुपये आहे. सरकारने खरेदी केलेल्या धानाच्या भरडाईत गिरणीने क्विंटलमागे ६७ किलो तांदूळ परत द्यायचा असतो. उरलेला कोंडा, कणी आणि तूस गिरणीकडे राहते, आणि भरडाईतला खरा नफा पुष्कळसा तिथेच असतो, कोंड्याच्या तेलात आणि तुसाच्या जळणात. शेतकरी धान विकतो तेव्हा ही तिन्ही विकतो, पण त्यांचा भाव त्याला कधी विचारला जात नाही. नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे यांचे काय झाले तेही याच हिशेबात बसते. १९८३ मध्ये त्यांना आपल्या धानात काही वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्यांनी त्या निवडून वर्षानुवर्षे वाढवल्या, शेजाऱ्यांना बियाणे दिले, आणि व्यापाऱ्यांनी त्या काळच्या लोकप्रिय घड्याळावरून त्या वाणाला नाव दिले एचएमटी. तो वाण अनेक राज्यांत गेला. दादाजींना पुरस्कार मिळाले, सन्मान झाले, आणि ३ जून २०१८ रोजी ते गेले तेव्हा तंगीतच होते. बाहेरून येणाऱ्या बियाण्याच्या पिशवीवर कंपनीचा हक्क छापलेला असतो. इथून गेलेल्या बियाण्यावर कोणाचे नावही नव्हते. ज्ञानाच्याही व्यापारशर्ती असतात.

तांदळाचा भाव दिल्लीतून कसा हलतो, ते २०२३ मध्ये दिसले. २० जुलैला केंद्राने बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद केली. जगातल्या तांदूळ निर्यातीत भारताचा वाटा सुमारे चाळीस टक्के. त्यामुळे महिन्याभरात थायलंडच्या तांदळाचा भाव पंधरा वर्षांतल्या उच्चांकावर गेला. ती तेजी मूलच्या बाजार समितीपर्यंत पोहोचू नये, हाच बंदीचा हेतू होता. सप्टेंबर २०२४ मध्ये बंदी उठली, तोवर जगाचा भाव उतरणीला लागला होता. मात्र या प्रसंगाला दुसरी बाजू आहे आणि ती झाकणे अप्रामाणिकपणाचे होईल. आपला साधा तांदूळ घेणारे बेनिन, सेनेगल यांच्यासारखे देश आपल्याहून गरीब आहेत. तिथल्या आईला महाग तांदूळ परवडत नाही. कच्च्या मालाला चढा भाव मिळणे म्हणजे नेहमी श्रीमंताच्या खिशातून गरिबाच्या खिशात पैसा जाणे, असे समीकरण धान्याच्या बाबतीत टिकत नाही. या पुस्तकात भाववाढीचा सरसकट जयघोष नाही, तो यामुळे.

मोहफुलाबद्दल थोडक्यात. मार्च-एप्रिलमध्ये फूल पडते, वाळवून लगेच विकले जाते, आणि पावसाळ्यात तेच फूल गावाला चढ्या भावाने परत विकत घ्यावे लागते. मधल्या चार महिन्यांचा नफा ज्याच्याकडे कोरडी खोली आहे त्याचा. इथे साठवण म्हणजेच भाव.

पुढची प्रकरणे तेंदूपासून सुरू होतात आणि धानावर थांबतात. कोळसा आणि गडचिरोलीतल्या सुरजागडचे लोहखनिज यांचा विचार मुद्दाम बाजूला ठेवला आहे. तिथे विकणारा गावकरी नसतोच, म्हणून तो वेगळ्या पुस्तकाचा विषय आहे. आकड्यांची भीती वाटणाऱ्या वाचकाने बांबूचे प्रकरण आधी वाचावे. पान तोडणाऱ्या घरातल्या शिकणाऱ्या मुलामुलींनी तेंदूचे वाचावे आणि त्यातला हिशेब आपल्या फळीवर जुळतो का ते पाहावे.

छपाईला जाताना एक बदल झाला आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून विडीच्या पानावरचा जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, आणि विडीवरचा २८ वरून १८ टक्क्यांवर आणायचेही ठरले. २०१७ पासून निविदेत भाव कमी बोलताना ठेकेदार या कराकडे बोट दाखवत आले होते. ते कारण आता बरेचसे गेले आहे. यातला किती पैसा शंभर पुड्यांच्या मजुरीत उतरतो आणि किती वाटेतच मुरतो, हे पुढच्या हंगामांच्या निविदा आणि ग्रामसभांच्या वह्या शेजारी ठेवून तपासता येईल. ते काम आम्ही हाती घेतले आहे.